साऱ्या कळपाला एकाच दिवशी गोळी

आमच्या घराला पहिली पक्की भिंत आली तेव्हा मी चौथीत होते. त्याआधी घर म्हणजे एक घोडं, त्याच्या पाठीवरचा संसार आणि पुढं चालणारी मेंढरं. गाव आटपाडीच्या पलीकडं. पाऊस आलाच तर पत्ता चुकून आल्यासारखा यायचा. दिवाळी झाली की आम्ही चालायला लागायचो ते कराड-उंब्रजच्या बाजूला, नदीकाठच्या रानांपर्यंत. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत झालं की शेतकरी धान्य द्यायचा. तेच खायचं. कुणी दिलं नाही तर आंबील प्यायची आणि पुढचं रान धरायचं.

त्या चालण्यात बायकांचं एक निराळंच चालणं असायचं. आईला महिन्याची अडचण आली की तिनं कळपाच्या बरंच मागं राहायचं, हाक पोचावी पण सावली पोचू नये इतकं. घोड्यावर टोपलीत देव असायचा, म्हणून घोड्याला शिवायचं नाही. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडली की त्या कुंपणाजवळ जायचं नाही. एरवी आई दमली की घोड्याच्या दोरीला धरून चालायची. जेव्हा पाय खरोखर ओढवत नसत, नेमकी तेव्हाच ती दोरी तिला बंद. मी लहान होते. मला वाटायचं, आई मुद्दाम मागं राहते, कारण मागं धूळ कमी असते. धूळ मागंच जास्त असते हे मला फार उशिरा कळलं.

मग आमच्याकडं कॅनॉलचं पाणी आलं. चुलत्यांनी आणि वडिलांनी, म्हणजे बापूंनी, मिळून माळाचं रान केलं, मेंढरं निम्मी विकली, उरलेली घराजवळच चारायला लागली. मला आधी आश्रमशाळेत आणि मग कराडला कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. बी.एस्सी. म्हणजे काय हे आमच्या आबांना, म्हणजे थोरल्या चुलत्यांना, शेवटपर्यंत नीट कळलं नाही. पण कुणी विचारलं की ते छाती काढून सांगायचे, "पोरगी कराडात एसशी करतीया," आणि समोरच्यालाही कळत नसल्यामुळं दोघांचं समाधान व्हायचं.

अडचण माझीच होती. माझी पाळी म्हणजे साधं काम नव्हतं. पहिले दोन दिवस मी हॉस्टेलच्या कॉटवर पोट धरून मुडपून पडलेली असायची, आणि अंगावरून इतकं जायचं की चादर धुवायला दुसरी मुलगी लागायची. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत रसायनशास्त्राच्या पेपरला तसंच झालं. अर्ध्या पेपरात डोळ्यांपुढं अंधारी आली. पर्यवेक्षक बाईंनी पाणी दिलं, तोंडावर मारलं, आणि त्यातलं निम्मं उत्तरपत्रिकेवर पडलं. मी उठून बाहेर गेले ती परत आत आलेच नाही. पेपर राहिला.

घरी आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "ही एक खेप. फुडल्या साली हा इषय आन् शेवटचं वरीस, दोनी निघालं पायजेत. न्हाई निघालं तर पाव्हणं बघायचं."

पाव्हणं म्हणजे माझं लग्न. आबा रागानं बोलले नाहीत, मेंढरू विकताना बोलतात तसं शांतपणे बोलले. म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्या हिवाळ्यात मी कराडच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, डोकं दुखतं का, पायात कधी गाठ झाली का, ब्लड प्रेशर किती, असं सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "तुझं रक्त फार कमी झालंय. तुला रोज एक हार्मोनची गोळी देते. मध्ये सोडायची नाही. पाळी येणार नाही, आली तर नावापुरती. परीक्षा झाली की परत ये, मग पुढचं ठरवू."

मी विचारलं, "मग आतलं सगळं साठून नाही राहणार?"

त्या हसल्या. "शेतकऱ्याची मुलगी ना तू? पेरणीच झाली नाही तर कापणी कशाची? गोळीनं आतलं अस्तर वाढतच नाही. साठायला काही असतंच कुठं?"

मला पटलं. पाकीट घेऊन मी सुट्टीला घरी आले आणि मोठी चूक केली ती म्हणजे खरं सांगितलं. जेवणं झाली होती, पुरुष माणसं अंगणात गेली होती, आणि मी आईला, दोन्ही वहिनींना, म्हणजे आबांच्या सुनांना, धाकट्या काकीला आणि थोरलीला गोळीचं सगळं समजावून दिलं. थोरली म्हणजे आबांची बायको, माझी थोरली चुलती. मी तिला मोठ्याई म्हणते. त्या घरात देवाच्या खालोखाल तीच.

तिनं पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, कानापाशी नेऊन वाजवून बघितलं.

"थांबती म्हंजे? मग जाती कुठं?"

"कुठं जात न्हाई मोठ्याई. तयारच व्हत न्हाई."

"तयार कशी व्हत न्हाई? बाईचं अंग हाय का बंद पडल्याली गिरण?" ती आईकडं वळली. "ही म्हैना म्हैना आत साठणार. मग एक दिस कॅनॉलचं दार उघडल्यागत व्हईल आन् त्यात ही बी वाहून जाईल."

मी पेरणी-कापणीचं सांगितलं. थोरली म्हणाली, "डॉक्टरनीनं कवा पेरलंया? आमी न पेरता उगवल्यालं बघितलंय." आणि पाकीट तूरडाळीच्या डब्यात टाकून झाकण लावलं. "निसर्गाच्या आड जायचं न्हाई. पोरं व्हायची राहत्याल. चार दिस दुखतंय ते समद्यास्नीच दुखतंय."

आई थोरलीपुढं कधीच बोलत नसे. पण रात्री माझ्या अंगावर वाकळ घालताना तिनं हळूच विचारलं, "लय दुखतंय का गं?" मी हो म्हटलं. ती तिथंच बसून राहिली.

तर ते पाकीट डाळीच्या डब्यात राहिलं आणि मी कराडला परत आले. पुढच्या पाळीला पुन्हा कॉट, पुन्हा चादर. हे असंच चाललं असतं. पण आमच्या देवाची जत्रा जवळ आली.

आमच्या बिरोबाच्या जत्रेत पहिल्या नैवेद्याचा मान आमच्या घराचा. पुरणपोळी, आंबील, घुगऱ्या, सगळं घरच्या लेकी-सुनांनी करायचं, डोक्यावर घेऊन ढोलाच्या पुढं चालत देवळात न्यायचं. बाहेरच्या बाईचा हात लागायचा नाही. आणि एखाद्या साली घरातल्या बायका अडचणीत सापडल्या, नैवेद्य पुरा निघाला नाही, तर मान भावकीतल्या दुसऱ्या पातीकडं, म्हणजे शाखेकडं, जातो. ती पाती कित्येक वर्षं जिभल्या चाटत बसलेली. त्यांच्या म्हातारीचा तर असा लौकिक होता की जत्रा जवळ आली की ती आमच्या घरावरून मुद्दाम फेऱ्या मारते आणि वाळत घातलेल्या लुगड्यांवरून अंदाज बांधते.

आदल्या वर्षी थोडक्यात वाचलं होतं. आई आणि थोरली वहिनी दोघी ऐनवेळी बाजूला बसल्या, धाकटी वहिनी अजून घरात आली नव्हती, मी परीक्षेला कराडात होते, आणि थोरलीनं काकीला हाताशी घेऊन पुरण वाटलं. तिची स्वतःची पाळी कधीच थांबली होती, म्हणून ती नेहमी हजर. पण गुडघे गेलेले. नैवेद्य देवळात पोचला तेव्हा ती देवापेक्षा मोठ्यानं घुमत होती. लोकांना वाटलं अंगात आलंय. गुडघ्यात आलं होतं.

या वर्षी तिनं धोका पत्करायचा नाही असं ठरवलं. माघातच तिचा मला फोन आला. थोरली फोनवर कधीच साधं बोलत नाही, फोन हातात आला की तिला वाटतं कराड लांब आहे म्हणून ओरडावं लागतं.

"अगं ती तुझी गोळी हाय न्हवं? थांबवायची?"

"हाय की. डाळीच्या डब्यात."

"तसली समद्यास्नी मिळंल का? जत्रंपुरती?"

मी खोलीतून हॉस्टेलच्या गॅलरीत आले. मग म्हटलं, "मोठ्याई, निसर्गाच्या आड जायचं न्हाई म्हणाली हुतीस."

"ह्ये देवाचं काम हाय."

"आन् माझं?"

"तुझं सरकारचं."

"देवाला गोळी चालती आन् परीक्षेला चालत न्हाई, ह्यो कुठला न्याय?"

"देवाला कळतंय का गोळी खाल्ल्याली? त्येला बाई स्वच्छ दिसली की झालं." थोरलीचा देवावर विश्वास मोठा होता, पण त्याच्या हुशारीवर नव्हता.

मी म्हटलं, "मग ऐक. मी समद्यास्नी डॉक्टरकडं नेते. पण माझं पाकीट डब्यातनं भाईर काढायचं आन् मी ती गोळी रोज खाणार. कुणी आडवं यायचं न्हाई."

फोनवर डाळीच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "पोरी, तू सौदा लय चांगला करतीस. मेंढरं राखाय पायजे हुतीस."

आठवड्याभरात जीप भाड्यानं करून चौघी जणी आणि थोरली कराडात उतरल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणाला दाखवायचंय?" थोरली म्हणाली, "समद्या. दात बघा, पाय बघा, काय बघायचं ते बघा." बाईंनी थोरलीला बाहेर बसवलं. एकेकीला आत घेऊन नीट तपासलं. धाकट्या काकीचं ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं, तिला गोळी देणार नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. आईला, थोरल्या वहिनीला आणि धाकट्या वहिनीला जत्रेपुरत्या गोळ्या दिल्या. त्या माझ्यापेक्षा निराळ्या, पाळी थोडी पुढं ढकलणाऱ्या. आणि पुन्हापुन्हा बजावलं, "तिघींच्या तारखा वेगळ्या आहेत. थोरल्या सूनबाईंची पाळी जत्रेनंतर आठवड्यानं आहे, त्यांना गोळीची गरजच पडणार नाही कदाचित. बाकीच्यांनी आपापल्या तारखेआधी तीन दिवस सुरू करायची. गोळी बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येणार, हे लक्षात ठेवा."

बाहेर आल्यावर थोरलीनं काकीकडं बघून मान हलवली. "एक सुटलं कळपातनं." काकीला तिनं जत्रेच्या आधीच माहेरी धाडायचं ठरवलं. ऐनवेळी तिची अडचण निघाली तर घरात विटाळ नको. काकी खूश झाली. तिला माहेरी जायला दुसरं कुठलं कारण मिळत नसे.

माझं पाकीट डब्यातून बाहेर आलं. त्याला तूरडाळीचा वास लागला होता, गोळ्या मात्र पाकिटात शाबूत. बाईंना दाखवून मी त्या दिवसापासून सुरू केल्या. पहिल्या महिन्यात थोडे डाग दिसले, मग तेही थांबलं. दुसरा महिना सरला तरी मी कॉटवर पडले नाही. रसायनशास्त्राचं पुस्तक मी सलग वाचतेय हे माझं मलाच खरं वाटत नव्हतं. पोट दुखत नसलं की डोकं किती रिकामं असतं आणि त्यात किती मावतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

परीक्षा जत्रेला लागूनच आली. राहिलेला रसायनशास्त्राचा पेपर जत्रा सरल्यावर लगेच होता. मी पुस्तकं घेऊन जत्रेला घरी आले, कारण लेक नैवेद्याला नसली तर थोरलीनं कराड उठवलं असतं.

घरी येऊन पाहते तर काय.

सकाळी अंगणात आई आणि दोन्ही वहिनी ओळीनं उभ्या. थोरलीच्या एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात गोळ्या. एकेकीपुढं जायची, "आऽ कर," म्हणायची, गोळी जिभेच्या मागं टाकायची, पाणी पाजायची आणि गिळलं का म्हणून गळ्यावर बोट फिरवून बघायची. मेंढरांना जंताचं औषध पाजताना ती हेच करते. जबडा धरायचा, औषध आत, मान वर, गळा चोळायचा. फक्त जबडा धरायचा तिनं सोडला होता, बहुधा आईच्या वयाकडं बघून.

"मोठ्याई! डॉक्टरनी तारखा निराळ्या सांगितल्या हुत्या!"

"सांगू दे. कळपाला डोस एकाच दिशी द्यायचा असतो. एक मागं, एक फुडं केलं की रोग परत फिरतो. चाळीस वर्सं मेंढरं राखली म्यां."

"ह्यो रोग हाय व्हय?"

"ह्ये काय हाय ते मला नगं सांगू. एकदम चालू, एकदम बंद. घोळ न्हाई."

धाकटी वहिनी मागच्याच वर्षी लग्न होऊन आलेली. बारावी झालेली, पण सासऱ्यासमोर-सासूसमोर तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती पाणी गिळून माझ्याकडं बघत डोळ्यांनीच म्हणाली, काय बोलणार वन्सं. थोरल्या वहिनीची तर तारीखच लांब होती, तिलाही पाजली. मी भांडले, पण तोवर त्यांच्या गोळ्या सुरू होऊन चार दिवस झाले होते. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या आधी चिडल्या, मग तिघींना काही त्रास होतोय का ते विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, "आता जत्रा होईपर्यंत चालू दे. धोका काही नाही. पण बंद केल्यावर काय होईल ते तुझ्या चुलतीला सांगितलंस का?"

सांगितलं होतं. थोरली म्हणाली, "जत्रा झाल्याव काय बी हूं दे."

जत्रा मात्र झकास झाली. ढोल वाजले, गडी फेर धरून गजी नाचले, भंडारा उधळला. आमचा नैवेद्य असा निघाला की तसा कुणी बघितला नसेल. आई, दोन्ही वहिनी आणि मी, चौघींच्या डोक्यावर पाट्या आणि पुढं थोरली, गुडघे दुखायचे विसरून. दुसऱ्या पातीची म्हातारी देवळाच्या पायरीवर उभी होती. एकेकीला मोजत होती. चौघी आल्या तशी तिचं तोंड वाळलेल्या लिंबागत झालं. थोरली तिच्याजवळून जाताना म्हणाली, "काय गं बाय, दर्शन झालं न्हवं?" आमच्या घराण्यात एवढ्या गोड आवाजात कुणी कुणाला टोमणा मारल्याचं मला आठवत नाही.

त्या रात्री थोरलीनं जाहीर केलं, "गोळ्या बंद." सगळ्यांच्या एकदम. कळपाचा नियम.

जत्रेचे पाहुणे मात्र बंद झाले नाहीत. आमच्याकडं पाहुणा जत्रेला येतो आणि मटण संपल्याची खात्री झाली की जातो. ओसरी भरलेली, त्यात त्याच आठवड्यात मेंढ्या व्यायला लागल्या. सात-आठ कोकरं, त्यातल्या दोघांना मेंढीनं जवळ घेतलं नाही, त्यांना बाटलीनं दूध पाजायचं.

आणि माझ्या पेपराच्या आदल्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळी, थोरली वहिनी चूल सोडून उठली आणि गोठ्याशेजारच्या पडवीत जाऊन बसली. भाकरीच्या वेळेपर्यंत आई गेली. पिठात हात घातलेली धाकटी वहिनी दुपारी हात धुऊन मान खाली घालून निघाली तेव्हा थोरली परातीपुढं उभी राहून नुसती बघत होती.

"तिघी?" आबांनी ओसरीवरून विचारलं.

"तिघी," थोरली म्हणाली.

"एकदम?"

कळपाला एकदम डोस दिला होता, कळपाला एकदम लागू पडला होता.

त्या पडवीत गोणपाटाचा पडदा आहे. त्याच्या आडून पहिल्यांदा थोरल्या वहिनीचं हसू आलं, मग धाकटीचं, आणि मग मी जन्मात पहिल्यांदा माझ्या आईला खदाखदा हसताना ऐकलं. कुणीतरी म्हणालं, "बरं झालं बया, जत्रंत पाय मोडलं हुतं." चुलीवरची आमटी उतू जात होती आणि पडवीत सुट्टी लागली होती.

काकी अजून माहेरीच होती. घरात आता चालत्या-फिरत्या बायका दोनच. गुडघे गेलेली थोरली आणि मी.

मी पिशवी भरत होते. संध्याकाळची एस.टी. धरून विट्यावरून कराडला जायचं, रात्री हॉस्टेलवर थोडं वाचायचं, सकाळी पेपर. थोरली दारात येऊन उभी राहिली.

"कुठं निघालीस?"

"पेपर हाय मोठ्याई."

"उद्याचा दिस काढ. पाव्हणं हायेत, कोकरं हायेत. घरात हात लावणारी बाई तूच एकली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हसावं की रडावं ते कळेना. पाळी आली म्हणून मागचा पेपर गेला. आता पाळी आली नाही म्हणून हा जाणार होता.

"न्हाई," मी म्हटलं. "ह्यो पेपर गेला तर आबा मला उजवणार. मी जाणार."

"एक दिस, पोरी."

"त्यो एक दिस एका सालानं येतोय."

आबा ओसरीवरून आत आले. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून आवाज खाली ठेवून म्हणाले, "पोरी, पाव्हण्यांच्या ताटात काय घालायचं? तूच सांग."

मी सांगितलं, "आबा, तुमी बाहेर मेंढरांमागं असताना भाकरी कोण थापायचं? तिथं बायका नसल्या की तुमी आन् बापूच थापायचा. म्या खाल्ल्यात तुमच्या हातच्या."

आबा गडबडले. रानात भाकरी थापणारा पुरुष घराच्या उंबऱ्यात आला की त्याचे हात अचानक विसरतात, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. "ते रानातलं," ते म्हणाले. "घरात पाव्हणं हसत्याल."

थोरली माझी पिशवी उचलायला वाकली. आणि तेवढ्यात गोणपाटामागून एक आवाज आला. आधी मला ओळखूच आला नाही.

"आत्याबाई, एक इचारू का?"

धाकटी वहिनी.

"इचार," थोरली म्हणाली, तिच्याही नकळत.

"फुडल्या जत्रंला गोळ्या कोण खाणार?"

"तुमीच की. दुसरं कोण?"

"मग वन्सास्नी आज जाऊ द्या. न्हाईतर फुडल्या साली आमी गोळी खात न्हाई. जे व्हईल ते व्हईल. मान जाऊ दे त्या म्हातारीकडं."

"व्हय," थोरल्या वहिनीचा आवाज आला.

मी वाट बघत होते ती तिसऱ्या आवाजाची. आणि तो आला, बारीक, पण आला. "व्हय आक्का. मी बी खात न्हाई." माझी आई. थोरलीला, तीस वर्षांत पहिल्यांदा, नाही म्हणाली.

थोरली पडद्याकडं बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढं ती वाळल्या लिंबाच्या तोंडाची म्हातारी आमचा नैवेद्य डोक्यावर घेऊन चाललेली उभी राहिली असणार. शेवटी ती आबांना म्हणाली, "बघा. मेंढरं बोलाय लागली." मग पिशवी माझ्याकडं ढकलली. "जा बाई. आन् आवं, तुमी हात धुवा. पीठ मळल्यालं हाय."

आबा हात धुऊन परातीपुढं बसले. एका पाहुण्यानं हसायला तोंड उघडलं तशी थोरली त्याच्या अंगावर गेली, "दात काय काढताय? उठा, कोकराला बाटली लावा." पाहुणा उठला. पडवीतून सूचना सुरू झाल्या, "मामंजी, जाळ कमी करा. मामंजी, करपतीया." आबा म्हणाले, "गप बसा गं, मी तुमच्या आधीपास्नं थापतुय." भाकरी जाड होत होत्या, पण गोल होत होत्या. पहिली भाकरी त्यांनी स्वतः पडवीच्या दारात नेऊन ठेवली, तिघींसाठी.

वडिलांनी मला मोटारसायकलवर विट्याच्या स्टँडपर्यंत सोडलं. उतरताना म्हणाले, "पाणी घे जवळ." एवढंच. एस.टी.त खिडकीजवळ जागा मिळाली. मी पुस्तक उघडलं. पोट शांत होतं. कराड येईपर्यंत मी एकही समीकरण सोडलं नाही.

पेपर पूर्ण लिहिला. पुरवणी मागून घेतली. पर्यवेक्षक त्याच बाई होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि पाण्याचा ग्लास लांबच ठेवला. बाकीचे पेपरही त्या महिन्यात सगळे दिले, एकाही पेपरला उठून बाहेर गेले नाही. परीक्षेनंतर डॉक्टरीणबाईंकडं गेले, रक्त वाढलं होतं. त्यांनी गोळ्या आणखी काही महिने चालू ठेवल्या आणि मला का त्रास होतो त्याचा शोध पुढं नेला.

निकाल लागला तेव्हा रसायनशास्त्र निघालं होतं आणि शेवटचं वर्षही. मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेली मी पहिली.